नार्निया यादीतून काढू नका, शेवटपर्यंत वाचा

नागपुरातल्या आमच्या वाचनगटाने यंदाच्या उन्हाळ्यासाठी सी. एस. लुईसची नार्निया या जादुई देशाच्या गोष्टी सांगणारी मुलांची सात इंग्रजी पुस्तकं निवडली आणि पहिली बैठक होण्याआधीच गटात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, लहानपणी जीव लावलेली पुस्तकं आहेत, ती मजेत वाचू. चिरफाड करायला बसलो तर हाती काही उरणार नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, ही पुस्तकं ख्रिस्ती धर्मप्रचाराची आहेत, सावळ्या माणसांना खलनायक ठरवणारी आहेत, मुलींना कमी लेखणारी आहेत. शिकल्यासवरल्या माणसांनी आपले रविवार त्यांच्यावर का घालवायचे, आणि घरातल्या मुलांच्या हाती ती का द्यायची? ग्रुपवर आठवडाभर मेसेज चालले. कुणी शाळेत बक्षीस मिळालेल्या प्रतीचे फोटो टाकले, कुणी नार्नियावर टीका करणारे लेख टाकले. त्या सगळ्या मजकुरात पुस्तकातलं एक वाक्यही कुणी लिहिलं नाही. वाद पुस्तकाचा चालला होता आणि पुस्तक मात्र दोन्ही बाजूंनी मिटलेलं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. नार्निया यादीत राहावी. सातही पुस्तकं वाचावीत, एक ओळही न गाळता. आणि ज्यांना ती लहानपणी सगळ्यात जास्त आवडली त्यांनीच तिला सगळ्यात कडक प्रश्न विचारावेत. आवडणं आणि तपासणं ही एकमेकांच्या विरुद्ध जाणारी कामं आहेत, हे दोन्ही तटांनी न बोलता गृहीत धरलं आहे आणि वादाचा सगळा घोळ तिथे आहे. पुस्तकावर प्रेम असेल तर ते झाकून ठेवा, पुस्तक दोषी असेल तर फेकून द्या. या दोन्ही सल्ल्यांचा परिणाम एकच, पुस्तक कुणी उघडत नाही.

एक आक्षेप लवकर बाजूला सारते, कारण त्यात फारसा दम नाही: मोठ्या माणसांनी परीकथा वाचणं पोरकटपणाचं आहे. नार्नियाचं पहिलं पुस्तक १९५० साली आलं, शेवटचं १९५६ साली. पहिल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लुईसने आपल्या मानसकन्येला लिहिलं आहे की पुस्तक पूर्ण होईपर्यंत तू परीकथांच्या वयापलीकडे गेली असशील, पण पुढे कधीतरी त्या पुन्हा वाचायला लागण्याइतकी मोठीही होशील. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यानेच दुसऱ्या वाचनाची जागा पहिल्या पानावर राखून ठेवली होती. आणि आपल्याकडे तर अद्भुतकथेला कमी लेखल्याची शिक्षा काय असते हे सांगणारी कथाच आहे. आपल्या पैठणच्या सातवाहन राजाने गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिली म्हणून परत पाठवली. गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान वाचत राहिला आणि वाचून झालेलं पान अग्नीत टाकत राहिला. भोवती बसलेले पशुपक्षी चरायचं विसरून ऐकत राहिले. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सात लाख श्लोकांतले सहा लाख जळून गेले होते. ही हकिगत कथासरित्सागरात सुरुवातीलाच येते. पंडितांच्या दरबारात ज्या गोष्टींना किंमत मिळाली नाही, त्यातल्या उरलेल्या एका लाखावर पुढच्या हजार-दीड हजार वर्षांची गोष्टी सांगण्याची परंपरा उभी राहिली.

मोठेपणी वाचताना नेमकं काय दिसतं, हा प्रश्न मात्र रेंगाळण्यासारखा आहे. पहिली बैठक मे महिन्यात धरमपेठेतल्या एका घरी झाली. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, खोलीत कूलरची घरघर आणि भिजल्या वाळ्याचा वास, आणि मधे एक ताई मोठ्याने वाचत होत्या ते बर्फाबद्दल: जिथे कायम हिवाळा असतो आणि नाताळ कधीच येत नाही असा देश. लहानपणी आमच्यापैकी कुणीच बर्फ पाहिला नव्हता, तरी तो सगळ्यांच्या अंगावर पडला होता. आता कान दुसऱ्याच वाक्यावर थबकले. हवाई हल्ल्यांमुळे गोष्टीतल्या चार भावंडांना लंडनबाहेर पाठवलं होतं, एवढं सांगून लुईस पुढे जातो. एक वाक्य, बस्स. १ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनमध्ये मुलांना शहरांतून हलवायला सुरुवात झाली आणि पहिल्या काही दिवसांतच मुलं, बाळंतिणी, शिक्षक मिळून सुमारे १५ लाख माणसं हलवली गेली. लुईसच्या ऑक्सफर्डजवळच्या घरीही अशा मुली राहायला आल्या होत्या. दहा वर्षांच्या वाचकाला त्या वाक्यानंतर एक मोठं घर, पावसाचा दिवस आणि लपाछपीला योग्य असं, आतून नार्नियात उघडणारं कपाट दिसतं. चाळिशीच्या वाचकाला स्टेशनवर उभी असलेली त्यांची आई दिसते, जी पुस्तकात कुठेच नाही.

त्या भावंडांतल्या एडमंडचंही तसंच. पांढऱ्या चेटकिणीने दिलेल्या टर्किश डिलाइटसाठी तो सख्ख्या भावंडांना विकायला निघतो, तेव्हा लहानपणी आम्ही सगळे त्याच्यावर दात खाऊन होतो. मिठाईच्या डब्यासाठी कुणी असं करतं का? पण पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाईवर रेशनिंग होतं. ते उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. त्या पुस्तकाच्या पहिल्या बालवाचकांना मनसोक्त मिठाई खाणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. आणि शेवटाकडे लुईस सहज सांगून जातो की एडमंड बिघडायला लागला तो त्या भयंकर शाळेतल्या पहिल्या सत्रापासून. हे वाक्य लहानपणी आमच्यापैकी एकालाही लक्षात राहिलं नव्हतं. बैठकीत शिक्षिका असलेल्या दोघीजणी मात्र त्याच वाक्यावर अडून बसल्या, आणि मग एडमंडची चर्चा राहिली बाजूला, मुलं शाळेत कशी कठोर होत जातात यावर अर्धा तास बोलणं झालं.

आणखी एक उदाहरण देते, कारण मला ते सगळ्यात मोठं वाटतं. १९५५ च्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये डिगरी नावाच्या मुलाची आई मरणाच्या दारात आहे. जादूचं सफरचंद तिला बरं करू शकेल; चेटकीण त्याला सांगते की ते चोरून ने. तो चोरत नाही. आपली आई बरी होईल की नाही याची खात्री नसतानाही दिलेला शब्द पाळतो, आणि पुढे अ‍ॅस्लन, म्हणजे नार्नियाचा देवासारखा सिंह, स्वतः त्याला ते फळ देतो. लुईस स्वतः नऊ वर्षांचा असताना, १९०८ साली, त्याची आई कॅन्सरने गेली. ती बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केल्या होत्या. त्या फळाला आल्या नाहीत. पन्नाशी उलटल्यावर तो गोष्टीत एका मुलाच्या आईला बरं करतो, आणि बरं करण्याआधी त्या मुलाला सगळ्यात अवघड निवड करायला लावतो. हे कळल्यावर पुस्तकाची मजा कमी झाली, असं कुणी म्हणेल का? 'मजेत वाचू, खोलात नको' म्हणणाऱ्यांनी हीच गोष्ट स्वतःहून गमावायचं ठरवलं आहे.

त्या तटाची भीती मी हसण्यावारी नेत नाही. फक्त दोष टिपण्यासाठी वाचणारी माणसं असतात. त्यांना पहिल्या पानापासून पुरावे हवे असतात. गोष्टीत काय चाललंय याची त्यांना पर्वा नसते. अशा वाचनाने गटातल्या माणसांचा उत्साह मरतो हेही मी पाहिलं आहे. पण त्यावर उपाय म्हणून प्रश्नच बंद करायचे? आपल्या भाषेतलंच उदाहरण घ्या. लहानपणी महाभारतातली मयसभा आपल्याला कुणी ना कुणी सांगितलेली असते. जमीन समजून पाण्यात पाय टाकणारा दुर्योधन, पाणी समजून धोतर आवरणारा दुर्योधन. मुलांच्या दृष्टीने महाभारतातली ही सगळ्यात जादुई जागा. ती सभा बांधणारा मय कुठून आला, हे आजी सांगत नाही. तो खांडववनाच्या आगीतून जीव वाचवून आला. कृष्ण आणि अर्जुन यांच्या साहाय्याने अग्नीने ते अख्खं वन खाल्लं. त्यातून मय, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिल्लं एवढेच सुटले, आणि अश्वसेनाला वाचवताना त्याची आई गेली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये १९६७ साली या संहाराचा जाब विचारला आणि त्या प्रकरणाला नाव दिलं 'मयसभा'. लहानपणी ज्या जागेने डोळे दिपले, तिच्याखालची राख त्यांनी मोठेपणी उकरून दाखवली. त्याने महाभारत मेलं? मराठीत त्यानंतर महाभारत जितकं वाचलं गेलं, त्यावर जितकं भांडण झालं, तितकं त्याआधी झालं होतं का? ज्या बाईंनी हे प्रश्न विचारले त्यांच्या प्रत्येक ओळीत महाभारतावरचा जीव दिसतो. प्रेम नसतं तर इतकं बारकाईने वाचलंच नसतं.

नागपूरकरांना तर हे सांगायचीही गरज पडू नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर का निवडलं याचं कारण सांगितलं, ते नाग लोकांचं होतं. बौद्ध धर्माच्या प्रसाराचं श्रेय त्यांनी नागांना दिलं, आर्यांनी नागांचा कसा छळ केला हे सांगितलं, आणि या शहराचं नाव, इथली नाग नदी यांचा संबंध त्या लोकांशी जोडला. इतरांनी चमत्कारकथा म्हणून ऐकलेले नाग त्यांनी हाडामांसाची माणसं म्हणून वाचले. ज्या शहराच्या आधुनिक इतिहासातली सगळ्यात मोठी घटना जुन्या कथांच्या अशा दुसऱ्या वाचनाशी बांधलेली आहे, त्या शहरात 'गोष्टच आहे, सोडा' हे वाक्य निदान विचार करून उच्चारावं.

आता दुसऱ्या तटाकडे येते. त्यांचे मुद्दे पहिल्या तटापेक्षा पुष्कळ वजनदार आहेत, आणि त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा लेखांच्या गठ्ठ्यातून आला नाही. तो आमच्यातल्या सगळ्यात लहान सभासद मुलीने पहिल्या बैठकीत मांडला. (ल्युसी म्हणजे त्या चार भावंडांतली धाकटी.) ती म्हणाली, "दहाव्या वर्षी वाचताना मी ल्युसी होते. 'द हॉर्स अँड हिज बॉय' पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, या पुस्तकाने मला ल्युसीच्या बाजूला उभंच केलेलं नाही. माझ्या रंगाची माणसं समोरच्या सैन्यात आहेत." यावर कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं, आणि कुणी दिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. कॅलॉर्मेन हा नार्नियाच्या दक्षिणेचा देश. तिथली माणसं सावळी, डोक्याला पागोटी, हाती वाकडी तलवार, बाजारात गुलाम, देव टॅश चार हातांचा आणि गिधाडाच्या डोक्याचा. नायक शास्ता त्या देशात वाढतो, पण त्याचा गोरा रंग पाहूनच लोकांना कळतं की हा इथला नाही. यात कुठलीही ओढाताण करून अर्थ काढावा लागत नाही. पानावर छापलेलं आहे. चार हातांच्या देवाचं चित्र भारतीय घरातलं मूल पाहतं तेव्हा त्याला काय वाटत असेल?

मुलींबद्दलही तसंच. पहिल्या पुस्तकात ल्युसीच्या थोरल्या बहिणीला, सूझनला, धनुष्य मिळतं आणि लगेच सांगितलं जातं की तू लढाईत उतरायचं नाहीस. बायका लढतात तेव्हा लढाया ओंगळ होतात. 'द लास्ट बॅटल' या शेवटच्या पुस्तकात तर सूझन नार्नियातून वगळलीच जाते. का? तर तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं यांच्यापलीकडे कशात रस नाही, असं तिच्याबद्दल इतर जण बोलतात. तिचं स्वतःचं म्हणणं पुस्तकात ऐकूच येत नाही. भाऊ, बहीण, आईवडील रेल्वे अपघातात गेलेले, आणि ही एकटी मागे. मला हे लहानपणीही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही.

तरीही मी यादीतून काढू नका म्हणते. कारण कॅलॉर्मेनविषयी जे लेख ग्रुपवर फिरले, ते वाचून अ‍ॅराविस कळत नाही. ती कॅलॉर्मेनचीच, सावळी, मानी, लादलेलं लग्न नाकारून घोड्यावर निघालेली. त्या पुस्तकात सगळ्यात ठसठशीत माणूस तीच आहे आणि शास्ता तिच्यापुढे बराच काळ भाबडा दिसतो. पुढे दोघांचं लग्न होतं. आणि एमेथ कळत नाही. शेवटच्या पुस्तकातला हा कॅलॉर्मेनचा तरुण सैनिक आयुष्यभर मनापासून टॅशची भक्ती करतो, अ‍ॅस्लनला शत्रू मानतो, आणि अखेरीस अ‍ॅस्लन त्याला जवळ घेऊन सांगतो की तू टॅशच्या नावाने जे चांगलं केलंस ते मला पोचलं आहे. १९५६ साली, एका कट्टर श्रद्धावान ख्रिस्ती लेखकाने, मुलांच्या पुस्तकात हे लिहिलं. कडव्या ख्रिस्ती वाचकांना आजही हे पान पचत नाही. याने टॅशचं गिधाडाचं डोकं पुसलं जातं का? नाही. पण लुईसच्या मनात काहीतरी झगडत होतं, त्याची श्रद्धा त्याच्या पूर्वग्रहापुढे एक पाऊल गेली होती, हे दिसतं. निकाल आधी देऊन पुस्तक बंद करणाऱ्याला हा झगडा कधी भेटत नाही. आणि त्या मुलीला कॅलॉर्मेनचा अन्याय कुठे दिसला? टीकालेखात नाही. दुसऱ्यांदा वाचताना दिसला. तिचा मुद्दा हाच दुसऱ्या वाचनाच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

धर्मप्रचाराचा आक्षेप मला तितका अवघड वाटत नाही, निदान मराठी वाचकापुढे तर नाहीच. अ‍ॅस्लनचं मरण आणि पुन्हा उठणं हे ख्रिस्ताच्या कथेवरून आलं आहे यात वाद नाही. लुईसने ते लपवलंही नाही. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण कुठलं पुस्तक सांगतो? बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७. लेखक ख्रिस्ती झालेला, हेतू उघड, कथेचा ओढा येशूकडे. तरी आपण ते मराठीच्या इतिहासात पहिल्या जागी ठेवलं, कारण विधवांच्या हालांबद्दल ते जे बोललं ते त्या काळी फार थोडे बोलत होते. नागपुरात तर याहून जवळचं उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी इथे धर्मप्रचारासाठीच आला होता. १८६३ मध्ये तो बुडून वारला, आणि तीन वर्षांनी रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची टिपणं छापली तेव्हा त्यात गोंडांचं लिंगोगीत होतं: महादेवाने गुहेत कोंडलेले गोंड, त्यांना सोडवणारा लिंगो. गोंडांच्या या महाकथेची ही सुरुवातीची लेखी नोंद एका मिशनऱ्याच्या कागदांतून आली. त्याच्या नावाच्या कॉलेजातून शिकलेल्या पिढ्यांनी धर्म बदलला का? माणूस कशासाठी आला आणि काय देऊन गेला, यातला फरक या शहराला गेली दीडशे वर्षं कळतो.

बैठकीत एकांनी मला महाडची आठवण दिली. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. मग अपमान करणारं पुस्तक नाकारण्याचा हक्क वाचकाला नाही का? आहे. पूर्ण आहे, आणि तो मी कुणाकडूनही काढून घेणार नाही. ज्याला कॅलॉर्मेनची पानं वाचवत नाहीत त्याने ती बैठक चुकवावी, त्याच्याकडे कुणी बोट दाखवू नये. पण महाडच्या आगीत नार्निया टाकणं हे महाडवरच अन्याय करणारं आहे. मनुस्मृती माणसांच्या विहिरीवर, लग्नावर, पंगतीवर सत्ता चालवत होती. नार्नियाची सत्ता कुणाच्या पाणवठ्यावर चालत नाही. आणि जाळल्यानंतर बाबासाहेबांनी काय केलं? ते वाचत राहिले. १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात स्मृती, वेद, पुराणं यांचे दाखले ओळीने आहेत. ज्यांनी ती पुस्तकं डोक्यावर घेतली त्यांच्यापेक्षा हा माणूस ती जास्त बारकाईने वाचून बसला होता. नकाराला बळ येतं ते अशा वाचनातून. सारांश वाचून दिलेला नकार समोरचा एका प्रश्नात उलथवून टाकतो.

मग पुस्तकं सुधारून का देऊ नयेत, असाही एक मधला मार्ग सुचवला गेला. २०२३ मध्ये मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द प्रकाशकाने बदलले, ओरड झाल्यावर मूळ आवृत्त्याही चालू ठेवू असं जाहीर केलं. लेखकाने जिवंतपणी स्वतः बदल केला तर गोष्ट वेगळी. डालने स्वतःच आपल्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीतले मूळचे आफ्रिकन कामगार पुढे बदलले होते. पण लेखकामागे कुणीतरी ऑफिसात बसून कॅलॉर्मेन गोरं करून टाकलं, तर ती मुलगी आज जे बोलली ते तिला कधी बोलताच आलं नसतं. तक्रारीचा पुरावाच गायब.

खरा प्रश्न राहतो तो मुलांचा. मूल प्रश्न न विचारता सगळं आत घेतं, हे मत मी गंभीरपणे घेते. रंगाचं, रूपाचं जे मुरतं ते कळत नकळतच मुरतं. पण ते फक्त लुईसच्या पुस्तकातून मुरतं का? १९५२ मध्ये मराठीत येऊ लागलेला 'चांदोबा' आमच्या पिढीने उशाखाली ठेवून वाचला. त्यातल्या राजकन्या कुठल्या रंगाच्या होत्या आणि राक्षस कुठल्या? नार्निया कपाटातून काढून तो 'चांदोबा' मात्र आठवणींचा ठेवा म्हणून बांधून ठेवायचा, हा न्याय कुठला? मूल रिकामं भांडं नसतं, ते वाद घालतं, फक्त त्याच्याशी वाद घालायला कुणी बसायला हवं. आणि या बाबतीत त्याच 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ आपल्याला फार मोलाचं काही देऊन गेला आहे. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो: राजा, यात दोष कुणाचा? उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. राजाला बोलावं लागतं, आणि बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, पुन्हा नवी गोष्ट. कथासरित्सागरात या पंचवीस गोष्टी आहेत आणि ऐकून गप्प बसण्याची मुभा एकीतही फुकट मिळत नाही. शेवटच्या गोष्टीत राजाला उत्तर सापडत नाही, तेव्हा त्याचं ते गप्प राहणंही विचार करून झालेलं असतं. मुलांना गोष्ट द्या आणि शेवटी वेताळासारखं विचारा: सूझनला का घेतलं नाही? टॅशला गिधाडाचं डोकं का दिलं? दहा वर्षांचं मूल यावर जे बोलतं ते ऐकून मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. माझ्या भाचीने विचारलं होतं, "मावशी, सूझनला कुणी फोन पण केला नाही का?"

शेल्फ छोटं, वेळ थोडा, मग मराठी पुस्तकं सोडून हीच का, हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यावर भांडण नाही. लिंगोची कथा पुढच्या हंगामात घ्या, कथासरित्सागर घ्या, मी सगळ्यात आधी येईन. पण जी पुस्तकं आपल्यापैकी निम्म्यांच्या आत चाळीस वर्षांपासून बसलेली आहेत ती न वाचलेली करता येत नाहीत. यादीतून नाव खोडल्याने डोक्यातला कॅलॉर्मेन खोडला जात नाही. तो तिथेच राहतो, न तपासलेला.

नार्नियाचा सगळ्यात कडवा टीकाकार म्हणजे इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन. १९९८ मध्ये त्याने या पुस्तकांना वृत्तपत्रातून झोडपलं. पण त्याचं खरं उत्तर त्याच्या तीन वर्षं आधीच सुरू झालेल्या कादंबरीमालेत आहे, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात ल्यायरा ही मुलगी ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात कुठे लपते? कपड्यांच्या कपाटात. लुईसशी भांडायला हा माणूस लुईसच्या कपाटात शिरला. सूझनबद्दल लुईसलाच मुलं पत्रं लिहून विचारत. एका पत्रात त्याने उत्तर दिलं की सूझन अजून जिवंत आहे, तिला सुधारायला पुष्कळ वेळ आहे. आणखी एका वाचकाला त्याने लिहिलं की सूझनची पुढची गोष्ट मला लिहिता येईल असं वाटत नाही, तूच का लिहून बघत नाहीस?

पुढच्या बैठकीसाठी मी गटापुढे हेच ठेवणार आहे. 'द लास्ट बॅटल' पूर्ण वाचून यायचं. एमेथचं पान मोठ्याने वाचायचं, सूझनचं पानही. आणि ज्यांना जमेल त्यांनी अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची सूझन मराठीत लिहून आणायची, हवं तर तिला नागपूर स्टेशनवर उतरवा. ज्या सभासदांना नार्निया यादीतून काढायची आहे, त्यांची सूझन मला सगळ्यात आधी ऐकायची आहे.